ओन्याती : डोंगरासकट गाव कसं बघायचं

स्पेनमधल्या बिल्बाओला गेलेली आपली माणसं तिथलं म्युझियम बघतात, फोटो काढतात अन् पुढं माद्रिदला पळतात. माझं ऐका, व्हिसा काढलाच आहे तर दोन रात्री ओन्यातीला ठेवा. बास्क मुलखातल्या गिपुस्कोआ प्रांतातलं हे साधारण 11 हजार वस्तीचं गाव, आमच्या अंबाजोगाईपेक्षा कितीतरी लहान अन् सगळीकडून डोंगर. रेल्वे नाही, बसनंच जायचं, त्यामुळं परतीच्या बसची वेळ उतरल्या उतरल्या विचारून घ्या, रविवारची तर नक्कीच.

पहिला दिवस गावात पायी फिरा. 16 व्या शतकातलं जुनं विद्यापीठ आहे, 1901 ला बंद पडलं पण इमारत शाबूत आहे, दर्शनी भिंतीवरचं कोरीवकाम निवांत बघा. दुकानात शिरताना "काइशो" म्हणा, म्हणजे नमस्कार, निघताना "एस्केरिक आस्को", म्हणजे धन्यवाद. स्पॅनिश चालतंच, पण त्यांच्या बास्क भाषेतला एक शब्द बोललात की समोरचा माणूस खुलतो.

दुसरा दिवस अरांत्सासूचा, म्हणजे डोंगरातल्या देवस्थानाचा. गावापासून 9 किलोमीटर, सगळा चढ, बस नसेल तर टॅक्सी करा, पाय वरच्यासाठी राखून ठेवा. 1469 साली एका मेंढपाळाला काटेरी झुडपात मेरीमातेची मूर्ती दिसली अन् तो म्हणाला "काट्यांत तू?", त्यावरूनच हे नाव पडलं असं सांगतात. आताचं चर्च 1950 नंतरचं, मनोऱ्याच्या दगडांना काट्यासारखी टोकं काढलीत. दारावर शिल्पकार ओतेइसानं घडवलेले 14 प्रेषित आहेत, चर्चच्या वरिष्ठांनी काम थांबवलं म्हणून हे दगड कित्येक वर्षं रस्त्याकडेला पडून होते, 1969 ला जागेवर चढले. अन् इथंच 1968 ला अभ्यासक जमले अन् बास्कची प्रमाणभाषा ठरवायला घेतली. आद्यकवी मुकुंदराजांची समाधी आमच्या गावात, त्यामुळं डोंगरातल्या देवस्थानात भाषेचा विचार होतो हे ऐकून मला तर लई जवळचं वाटलं.

पण चर्च बघून माघारी फिरू नका हो! तिथूनच उर्बियाची वाट लागते, बीच नावाच्या झाडांच्या रानातून तास-दीड तास चढायचं की एकदम हिरवंगार माळरान उघडतं, उन्हाळ्यात लाचा जातीची लांब लोकरीची मेंढरं चरत असतात, आपल्या धनगरांसारखेच तिथले मेंढपाळही पिढ्यान् पिढ्या ऋतू बघून वर-खाली करतात. याच मेंढरांच्या कच्च्या दुधाचं इदियासाबाल चीज, कमीत कमी 2 महिने मुरवलेलं, थोडं धुरावलेलं मिळालं तर तेच घ्या. शाकाहारी असाल तर ब्रेड, चीज अन् घरची शेंगदाण्याची चटणी यावर दिवस मस्त निघतो.

समोर आइचुरी शिखर, 1551 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा थोडंच कमी. आपला दगड काळा बेसाल्ट, इथं पांढरा चुनखडीचा, त्यात पाण्यानं खड्डे अन् भेगा पडलेल्या असतात, पाऊस झाला की पाय सटकतो. रेनकोट उन्हाळ्यातही घ्या. धुकं उतरायला लागलं की शिखराचा नाद सोडा अन् खुणा केलेली वाट धरून उजेडात खाली या.