कौलारू घराच्या पोटमाळ्याला इन्सुलेशन करताय? या चुका टाळा

गिरगावची खोताची वाडी, माझगावची माथारपाखाडी, वांद्र्याचं रणवार, मरोळचं गावठाण... मुंबईत मंगलोरी कौलांची घरं अजून तग धरून आहेत. मे महिन्यात त्यांच्या पोटमाळ्यावर दुपारी उभं राहवत नाही, म्हणून उष्णता अडवणारा थर, म्हणजे इन्सुलेशन, करायचं ठरतं. मग कोणी कंत्राटदार सुचवतो, 'खालून फोम मारून टाकू, एका दिवसाचं काम.' हो म्हणायची घाई करू नका. चुकीचा माल लावला तर असं छप्पर आतल्या आत कुजतं, आणि ते ध्यानात येईपर्यंत वासेच बदलायची वेळ आलेली असते.

गळती तशीच ठेवून वर थर चढवणं

ही सगळ्यात महाग पडणारी चूक. मुंबईत वर्षाला दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि वाऱ्याबरोबर आडवा आला की कौलांच्या सांध्यांतून तुषार आत येतातच. तरीही जुने वासे टिकले, कारण भिजलेलं लाकूड माळ्यावरच्या वाऱ्याने पुन्हा वाळत होतं. हा वारा बंद करणारं कुठलंही इन्सुलेशन या घराला मानवत नाही.

काम ठरवण्याआधी टॉर्च घेऊन वर चढा. वासा भिंतीवर टेकतो त्या टोकाला स्क्रूड्रायव्हर दाबून पाहा. चांगल्या सागावर जेमतेम खूण उमटते. टोक सहज आत रुतलं, तर आधी सुताराला बोलवा. वाश्यावर काळपट ओघळ दिसले, तर त्याच्या वरचं कौल फुटलंय किंवा सरकलंय. पावसाआधी कौलं चाळून, म्हणजे उतरवून पुन्हा नीट रचून घ्या, एक पावसाळा नजर ठेवा आणि इन्सुलेशन दिवाळीनंतर, लाकूड खडखडीत वाळल्यावर करा.

कौलांना खालून फोम मारणं

पीयू (पॉलियुरेथेन) फोम उष्णता छान अडवतो, यात वाद नाही. पण मंगलोरी कौल रिपेवर, म्हणजे वाश्यांवरच्या आडव्या लाकडी पट्टीवर, नुसतं अडकवलेलं असतं. फुटलं तर तेवढंच काढून दुसरं बसवता येतं. 1865 मध्ये मंगळुरात बासेल मिशनच्या कारखान्यात ही कौलं बनू लागली, तेव्हापासून त्यांची खरी सोय हीच आहे. फोमने कौल, रीप, वासा सगळं एकजीव होतं. नारळ पडून एक कौल फुटलं तरी ते सुटं निघत नाही, आणि फोम व लाकूड यांच्यात शिरलेलं पाणी तिथंच मुरत राहतं. शिवाय गळती नेमकी कुठे आहे हे खालून दिसत नाही. जुन्या घराला हे करू नका, कंत्राटदार कितीही गॅरंटी देवो.

फॉइल कौलाला चिकटवणं

तापलेल्या कौलांची धग मुख्यतः किरणांच्या रूपाने खाली येते, म्हणून मुंबईत चकचकीत फॉइल उपयोगी पडतं. फक्त त्याच्या चकचकीत बाजूसमोर निदान 25 मिमी मोकळी हवा हवी. दोन्ही बाजूंनी चिकटून बसलं तर ते नुसता पत्रा होतं. चमक खाली ठेवा. वर ठेवली तर धुळीने वर्षा-दोन वर्षांत मंदावते. फॉइल लावलेली एक्सएलपीईची (एक प्रकारच्या प्लास्टिक फोमची) शीट वाश्यांच्या खालून लावणं मला सगळ्यात बरं वाटतं. ती पाणी पीत नाही, आणि स्क्रू काढून उतरवता येते. वळचणीला आणि आढ्याजवळ वाऱ्याला वाट ठेवा, तिथं उंदरांसाठी बारीक जाळी मारा.

एक गोष्ट मात्र जिवावरची आहे. फॉइलमधून वीज वाहते, आणि जुन्या घरांत वायरी लाकडी पट्टीवरून वाश्यांना लागूनच गेलेल्या असतात. ऑस्ट्रेलियात 2009-10 च्या घरांना इन्सुलेशन करण्याच्या सरकारी योजनेत फॉइल ठोकताना कामगार विजेच्या धक्क्याने दगावले. मेन स्विच बंद केल्याशिवाय एकही पिन मारू देऊ नका, आणि त्याआधी वायरिंग तपासून घ्या.

परदेशी सल्ला जसाच्या तसा उचलणं

ब्रिटनमध्ये पोटमाळ्यावर 270 मिमी जाडीची इन्सुलेशनची लोकर (काच किंवा दगडाच्या तंतूंची) अंथरायला सांगतात, कारण तिथं घरातली ऊब वाचवायची असते. इथं एवढ्या जाडीची गरज नाही. माळ्यावर कोणी राहत नसेल तर तक्तपोशीवर (खालच्या खोलीच्या लाकडी छतावर) 50 मिमी रॉकवूल, म्हणजे दगडाच्या तंतूंची लोकर, पुरेसं होतं; तेही दाबून बसवू नका, दबलं की गुण जातो. ग्लासवूल (काचेच्या तंतूंची लोकर) ओलं झालं की निकामी होतं, म्हणून जिथं थेंब पडण्याची शक्यता आहे तिथं नकोच.

बाष्परोधक, म्हणजे हवेतली वाफ अडवणाऱ्या, कागदाची बाजूही उलटी होते. थंड देशात तो घराच्या आतल्या अंगाला लावतात. इथं जुलैत हवेचा दवबिंदू (ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं पाणी होतं तो) 25 अंशांच्या आसपास असतो. खाली एसी लावून खोली 22 ला आणली, तर बाहेरची दमट हवा तक्तपोशीच्या थंड फळ्यांवर पाणी होऊन बसते. एसीच्या खोलीवर तो कागद वरच्या, बाहेरच्या अंगालाच हवा.

थर्मोकोल स्वस्त आहे, पण झटकन पेटतो, उंदीर तो कुरतडतात, आणि पीव्हीसी वायरीला टेकला तर वायरीचं आवरण कालांतराने कडक होऊन तडकतं. पडवीला जुने सिमेंटचे पत्रे असतील, तर त्यांत ॲस्बेस्टॉस (फुप्फुसांना घातक तंतू) असू शकतं; त्यांना ड्रिल मारू नका, कापूही नका.