शाकारणीआधी: कौलं किती मागवायची?

कौलं बदलायची ठरली की घरातलं कुणीतरी आधी घराचा नकाशा काढतं. तो परत ठेवून द्या. त्यातलं क्षेत्रफळ जमिनीचं असतं. कौलं बसतात पाख्यावर. पाखं तिरपं असतं आणि भिंत ओलांडून वळचणीपर्यंत खाली जातं. बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घराच्या मागच्या खणांचा हिशेब मी पहिल्यांदा नकाशावरूनच केला होता. 20 बाय 30, म्हणजे 600 चौरस फूट. शंभर फुटांना 140 कौलं धरली आणि 840 चा आकडा घेऊन दुकानात गेलो. लागली 1222, आणि तीही फुटलेली सोडून.

तेव्हा आधी टेप. सुतार शिडीवर असेल तर आढ्यापासून वळचणीच्या टोकापर्यंत टेप थेट धरायला सांगा, म्हणजे पुढचं गणित करावंच लागत नाही. ते जमत नसेल तर माळ्यावर जा. 12 इंची पट्टी पाणसळीने आडवी धरून एक टोक वाशाला टेकवा आणि दुसऱ्या टोकापासून वाशापर्यंतचं उभं अंतर मोजा. ते 6 इंच आलं तर आडव्या मापाला 1.12 ने गुणा, 7 आलं तर 1.16 ने, 8 ला 1.20 ने, 9 ला 1.25 ने. आमच्याकडे 7 आलं. आढ्यापासून भिंतीपर्यंत 10 फूट, वळचण दीड फूट, मिळून साडेअकरा. ते तिरपं झालं की 13 फूट 4 इंच. लांबीलाही दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर आलेला, म्हणजे 32. अंतर 6 पेक्षा कमी आलं तर मंगलोरी, म्हणजे खाचेने एकमेकांत अडकणाऱ्या, कौलांचा नाद सोडा. एवढ्या कमी उतारावर वाऱ्याचा पाऊस खाचेतून उलटा आत येतो.

माझा भाचा न्यू जर्सीत असतो. त्याच्या छपरावर डांबरी शिंगल आहेत. तिकडे 100 चौरस फुटांना एक ‘स्क्वेअर’ म्हणतात, एका स्क्वेअरला बहुधा तीन बंडलं लागतात, आणि कापाकापीसाठी दुपाखी छपराला दहा टक्के, चौपाखीला पंधरा टक्के जास्त धरतात. त्याने फोनवर मला तोच हिशेब करून दिला. उताराचा गुणाकार बरोबर होता, बाकीचा आपल्या कामाचा नव्हता. शिंगल सुरीने कापून हवं तिथे ठोकता येतं. मंगलोरी कौलाची खाच शेजारच्या कौलात अडकते, वर ते रिपेवर, म्हणजे वाशांवर ठोकलेल्या आडव्या पट्टीवर, टेकतं. अर्धं कौल ओळीच्या टोकालाच काय ते चालतं. म्हणून आपल्याकडे मोजायच्या त्या ओळी.

त्यासाठी दुकानातून नमुन्याची दहा-बारा कौलं आणा, उधार मिळाली तरी चालतील. अंगणात एकमेकांत अडकवून ती पालथी मांडा. आधी ओढून ताणून माप घ्या, मग दाबून घ्या, आणि दोन्हींच्या मधलं धरा. आमच्या कौलाची लांबी 16 इंचांच्या वर होती, पण उघडं राहत होतं साडेबारा इंच, रुंदीत सव्वाआठ. दोन रिपांमधलं अंतर या साडेबारावरून ठरतं, जुन्या रिपांवरून नाही. जुन्या रिपा जुन्या कौलांच्या मापाच्या असतात, आणि मिस्त्री त्या वाचवायला बघतो. तसं करू देऊ नका. 13 फूट 4 इंचांत 13 ओळी बसल्या, 32 फुटांत एका ओळीला 47 कौलं. तेरा गुणिले सत्तेचाळीस, 611, दोन पाख्यांची 1222. पडताळा घ्यायचा तर चौरस मीटरला साधारण 15 कौलं धरा. थोडा फरक निघेल, कारण अर्धवट ओळीलाही अख्खी कौलं लागतात.

आढ्यावरची कौलं वेगळी मागवावी लागतात. आपल्याकडचे दुकानदार त्यांना मोभारियां म्हणतात आणि तुम्ही विचारल्याशिवाय ती बिलात येत नाहीत. मीटरला तीन धरा, वर चार-पाच. चौपाखी घर असेल तर कोपऱ्यांच्या तिरप्या धारांनाही तीच लागतात. दोन पाखी जिथे आत मिळतात तिथे पन्हळीचा पत्रा येतो आणि त्याच्या दोन्ही कडांची कौलं कापावी लागतात. तेवढ्या भागाला पंधरा टक्के जास्त घ्या.

आता जुन्या कौलांचं. उतरवताना प्रत्येकावर बोटाच्या पेराने टिचकी मारा. खणखणीत वाजलं तर ठेवा, बद्द वाजलं तर टाका. मात्र चांगली निघालेली जुनी कौलं नव्यांत मिसळू नका, ती सगळी एका पाख्यावर घ्या. मंगलोरात बासेल मिशनने 1865 मध्ये कारखाना काढला, त्यानंतर या घडणीची कौलं कितीतरी ठिकाणी निघू लागली, आपल्याकडे मोरबीतही. लांबून सगळी सारखीच दिसतात. पण प्रत्येक कारखान्याचा साचा वेगळा. आम्हाला शेवटी साठ कौलं कमी पडली, पहिला माल संपला होता, म्हणून दुसऱ्या दुकानातून आणली. खाच सुतभर अरुंद निघाली. मिस्त्रीने ठोकून बसवली आणि पहिल्याच पावसात देवघरात थेंब. आजी म्हणाली, अभिषेक आपोआप होतोय, होऊ दे. कौलाच्या पाठीवरचा छाप वाचून घ्या आणि सगळा माल एकाच छापाचा, एकाच खेपेत मागवा. प्रकाशासाठी काचेची कौलं हवी असतील तर तीही त्याच साच्याची मिळतात का, हे आधी विचारा.

वर किती घ्यायची? साध्या दुपाखी छपराला मी पाच टक्के फुटतुटीची धरतो आणि आणखी पन्नास कायमची. हे पन्नास माकडांसाठी. आपल्या भागात वानरं एका गच्चीवरून दुसऱ्या गच्चीवर जाताना कौलांचाच रस्ता घेतात. 1222 वर 61 आणि 50, म्हणजे 1333. आम्ही दुसऱ्या वेळी 1350 सांगितली.

पत्रे काढून कौलं घालणार असाल तर वजनाचाही विचार करा. एक कौल अडीच किलोच्या आसपास धरलं तर 1222 कौलांचे तीन टन होतात, आणि पावसात भिजली की आणखी वाढ. वासे सुताराला आधी दाखवा.

मागणी अखात्रीजेच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, आधी द्या. मे अखेरीस सगळ्यांनाच मिस्त्री हवा असतो. मोठा ट्रक पोळीत, म्हणजे आपल्या अरुंद गल्लीत, शिरत नाही, तेव्हा माल छोट्या टेम्पोतून येईल, दोन-तीन खेपांत. प्रत्येक खेप उतरवतानाच मोजा, फुटकी त्याच टेम्पोत परत द्या, आणि राखीव पन्नास कौलं मागच्या भिंतीला उभी टेकवून ठेवा. आडवी रचली तर खालची तडकतात.