‘दोनशेचं टाका’ म्हणणं सोडा: पेट्रोल महागलं की घरखर्च कसा बसवायचा

पंपावरचा मुलगा विचारतो, “किती?” आणि आपण म्हणतो, “दोनशेचं टाक.” भाव 80 असला तरी दोनशेचं, 105 झाला तरी दोनशेचं. पर्समधून जाणारी नोट तीच असते, म्हणून महागाई पंपावर टोचत नाही. ती टोचते चार दिवसांनी. परवाच तर भरलं होतं, लगेच रिझर्व्हला कशी आली गाडी?

80 च्या भावात दोनशेला अडीच लिटर येत होतं, 105 ला 1.9 लिटर येतं. लिटरला 45 किलोमीटर देणारी स्कूटर आधी दोनशेत 112 किलोमीटर पळायची, आता 86. मधले सव्वीस किलोमीटर कुठे गेले, हे कुणी विचारत नाही, कारण दोनशे तर दोनशेच दिले ना!

मी परभणीत राहते. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ हे आम्ही ऐटीत सांगतो, पण पेट्रोलच्या भावातही आमचंच नाव वर असतं, त्याची ऐट कुणाला नाही. आमचं पेट्रोल येतं मनमाडजवळच्या पानेवाडीच्या डेपोतून, तीनशेच्या आसपास किलोमीटर टँकरने, आणि ते भाडं शेवटी आमच्याच माथी. मुंबईत साध्या पेट्रोलने 29 मे 2021 ला शंभरी ओलांडली, तेव्हा आमच्याकडे ती आधीच उलटून गेली होती. त्यामुळे या विषयात आम्ही परभणीकर जरा अनुभवी. पुढे लिहिलंय ते आमच्या घरात करून पाहिलेलं आहे.

आधी पंधरा दिवस नुसतं लिहा

काटकसर आजपासून सुरू करू नका. आधी पंधरा दिवस जसं चाललंय तसं चालू द्या आणि फक्त लिहा. वेगळी वही केली की ती चौथ्या दिवशी हरवते. भिंतीवरच्या कॅलेंडरवर दुधाच्या खुणा करता ना, त्याच चौकटीत पेट्रोलचे लिटर लिहा. रुपये लिहू नका. बिलावर लिटर छापलेले असतात. बिल मागा, न मागता ते मिळत नाही.

लिटरच का? कारण भाव आपल्या हातात नाही. 16 जून 2017 पासून देशभर भाव रोज सकाळी 6 वाजता ठरतो. कधी तो महिनोन्‌महिने हलत नाही, आणि हलला की असा हलतो की कळतसुद्धा नाही. 22 मार्च ते 6 एप्रिल 2022 या पंधरवड्यात जवळजवळ रोज ऐंशी-ऐंशी पैसे करत लिटरमागे 10 रुपये वाढले आणि मुंबईत पेट्रोल 120.51 वर गेलं. ऐंशी पैशांसाठी कोण भांडणार? लिटर मात्र आपण ठरवू शकतो. ‘या महिन्यात 14 लिटर’ असं ठरवलं की भाव काहीही होवो, मोजायला एक पक्की गोष्ट हातात राहते.

गाडी किलोमीटरला किती खाते ते काढा

कंपनी सांगते ते मायलेज विसरा. टाकी फुल करा, नोझल आपोआप बंद होईल तिथे थांबा, मीटरचा आकडा लिहा. नेहमीसारखी गाडी चालवा. पुढच्या वेळी पुन्हा तिथपर्यंतच फुल करा. मधले किलोमीटर भागिले दुसऱ्या वेळी बसलेले लिटर.

आमच्या स्कूटरला 168 किलोमीटरला 4.1 लिटर बसलं. म्हणजे 41 चं मायलेज, आणि 105 च्या भावाने किलोमीटरला अडीच रुपयांच्या थोडं वर. माझा मुलगा छातीठोकपणे ‘पंचावन्न देते’ सांगत होता. तो गप्प झाला.

हा एक आकडा डोक्यात बसला की पुढचं निम्मं काम आपोआप होतं. आमच्या घरापासून भाजीबाजार दीड किलोमीटर. जाऊन-येऊन तीन, म्हणजे पावणेआठ रुपये. एकदा पोह्यांवर घालायला कोथिंबीर नव्हती म्हणून पोराला पिटाळलं. दहा रुपयांची जुडी, आठ रुपयांचं पेट्रोल. त्या दिवशी पोहे मला गोड लागले नाहीत. आणि थंड इंजिन पहिले एक-दोन किलोमीटर जास्तच पेट्रोल पितं, म्हणजे खरा हिशोब आठाच्याही वर जाईल.

फेऱ्या वेगळ्या करा

खरी गळती इथे आहे, म्हणून इथे जरा रेंगाळते.

पंधरा दिवसांतल्या सगळ्या फेऱ्या आठवून लिहा. कामावर जाणं, शाळा, दवाखाना या टळत नाहीत. त्यांच्याशी झगडू नका. उरलेल्या बघा. आमच्याकडे एका आठवड्यात एकाच रस्त्यावर स्कूटर अकरा वेळा गेली होती. दळण टाकायला एकदा, आणायला एकदा, क्लासला सोडायला, क्लासहून आणायला, मेडिकलमध्ये, आणि दोनदा नुसतं ‘आलो जरा चक्कर मारून’. दळणाची गिरणी आणि क्लास यांच्यात दोनशे मीटरचं अंतर आहे! क्लासला सोडताना डबा टाकायचा आणि क्लास सुटताना उचलायचा, एवढ्यावर चार फेऱ्या वाचल्या.

मग दाराजवळच्या खिळ्याला एक कागद अडकवला. ज्याला जे आणायचंय त्याने ते त्यावर लिहायचं. संध्याकाळी गाडी एकदाच निघेल, जाणाऱ्याने कागद घेऊन जावं. पहिला आठवडा चिडचिडीचा गेला. ‘अगं, साखर आत्ता हवीय’ म्हणून आमचे हे बाहेर पडायला निघाले, तेव्हा शेजारच्या काकूंकडून वाटीभर आणली. उसनवारी ही काही मागासलेली गोष्ट नाही, उलट ती परत द्यायला गेलं की पाच मिनिटं बोलणं होतं.

एक किलोमीटरच्या आतलं काम पायी किंवा सायकलवर, हा नियम घरातल्या मोठ्यांनी आधी पाळायचा. बाबा पान खायला बुलेटवर जाणार आणि पोराला सायकल दाखवणार, हे चालत नाही.

गाडीला काय हवं

फार काही नाही. दर पंधरा दिवसांनी चाकातली हवा बघा, तीही गाडी थंड असताना. किती हवा हवी ते गाडीच्या पुस्तिकेत किंवा चिकटवलेल्या पट्टीवर असतं. पंपावर हवा फुकट असते, तो तुमचा हक्क आहे. एअर फिल्टर तुंबलेला नको, ब्रेक घासत नकोत. स्टँडवर लावून मागचं चाक हाताने फिरवा, मोकळं फिरलं पाहिजे. सिग्नलला जास्त थांबायचं असेल तर इंजिन बंद करा. मोकळ्या रस्त्यावर ताशी 45 ते 55 च्या वेगात पेट्रोल सगळ्यात कमी जळतं. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल आल्यापासून मायलेज थोडं उतरतं, ते धरूनच चाला. दर वेळी मेकॅनिकला दोष देऊ नका.

उतारावर इंजिन बंद करून गाडी सोडणारे शूर असतात. त्यांच्या वाटेला जाऊ नका.

पंपावर

शून्य बघा. लिटर कमी वाटलं तर पाच लिटरच्या शिक्क्याच्या मापाने मोजून दाखवा म्हणा, पंपाला ते माप ठेवावंच लागतं. दाखवायला नाही म्हणाले तर तक्रारवही मागा. मागताना आवाज चढवायची गरज नाही, वही मागितली की बहुतेक वेळा माप सापडतं.

‘शंभरऐवजी एकशे दहाचं टाका, म्हणजे मशीन मारत नाही’ आणि ‘पहाटे टाका, थंडीत जास्त मिळतं’ या दोन्ही गोष्टी सोडून द्या. टाक्या जमिनीखाली असतात, तिथे सकाळ-दुपारचा फरक नावालाच. साध्या स्कूटरला महागडं प्रीमियम पेट्रोल घालून काही मिळत नाही.

आणि अफवेच्या दिवशी पंपावर जाऊ नका. 1 आणि 2 जानेवारी 2024 ला ट्रकचालकांचा बंद होता, पानेवाडीचे टँकर थांबले, आणि गावोगाव पंपांवर रांगा लागल्या. दीड तास गाडी चालू-बंद करत लोकांनी जेवढं जाळलं, त्याचा हिशोब त्यांनीच करावा. बाटलीत, कॅनमध्ये पेट्रोल भरून घरात ठेवणं तर निव्वळ आगीशी खेळ, तेही गॅसच्या शेगडीपासून दहा पावलांवर.

रोजचं गाव दूर असेल तर

परभणीहून जिंतूरला नोकरीला जाणारे बरेच आहेत. जाऊन-येऊन ऐंशी-पंच्याऐंशी किलोमीटर. 41 च्या मायलेजने रोज दोन लिटर, महिन्याचे 22 दिवस धरले तर साडेचार हजारांच्या वर. एसटीत महिलांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहे. जानेवारी 2025 मध्ये भाडं सुमारे 15 टक्के वाढलं, तरीही गणित एसटीच्याच बाजूने जातं. पुरुषांनी मासिक पास काढावा. 20 दिवसांच्या भाड्यात 30 दिवस प्रवास होतो. बाईमाणसाने रोजचं अर्धं तिकीटच काढावं, 22 दिवसांचे 11 दिवसांएवढेच पैसे होतात. गाडी वेळेवर येत नाही, हे खरंय. म्हणून रोज नको तर आठवड्यातून तीन दिवस तरी करून बघा, किंवा दोघा सहकाऱ्यांनी एका गाडीवर जा आणि टाकी आळीपाळीने भरा.

पेट्रोलला कंटाळून इलेक्ट्रिक स्कूटर घ्यायचं मनात असेल तर आधी कॅलेंडर बघा. विजेवर किलोमीटरला साधारण पंचवीस-तीस पैसे पडतात, म्हणजे दर किलोमीटरला सव्वादोन रुपये वाचले. महिन्याला चारशे किलोमीटर चालवत असाल तर नऊशे रुपये. हप्ता तीन हजारांचा असेल तर वाचलं काय? महिन्याला दीड हजार किलोमीटर चालवणाऱ्याने मात्र जरूर घ्यावी.

गॅसचा हिशोबही त्याच कॅलेंडरवर

नवीन टाकी लावली त्या तारखेवर ‘गॅस’ लिहा. किती दिवस पुरली हे दोन-तीन टाक्यांत कळतं, आणि पाच दिवस आधी संपली तर काहीतरी चुकतंय हेही कळतं. घरपोच टाकी आली की वजन करून घ्या. टाकीवर रिकामं वजन कोरलेलं असतं, ते 15.3 असेल तर भरलेली 29.5 किलो भरली पाहिजे, कारण आत 14.2 किलो गॅस असतो. वजनकाटा डिलिव्हरीवाल्याने आणायचा असतो. “ताई, काटा गाडीत राहिला” म्हणाला तर म्हणावं, आण जाऊन, मी थांबते.

स्वयंपाकात सगळ्यात मोठी बचत भिजवण्याची आहे. तूरडाळ अर्धा-पाऊण तास, हरभरे आणि राजमा रात्रभर. कुकरला वाफ धरली की आच बारीक. शिट्ट्या मोजत मोठी आच ठेवणं म्हणजे गॅस हवेत सोडणं. एकाच कुकरच्या डब्यांत खाली वरण, वर भात, त्यावर बटाटे. भांडं पुसून ठेवा, झाकण ठेवा. ज्योत पिवळी दिसली तर बर्नर काढून सुईने भोकं मोकळी करा.

मागच्या दाराने येणारी महागाई

पंपावरची वाढ दिसते तरी. डिझेलची वाढ भाजीच्या पिशवीतून, रिक्षातून, शाळेच्या व्हॅनमधून येते. म्हणून पेट्रोल, गॅस, किराणा आणि व्हॅन-रिक्षा यांचे चार लिफाफे करा. पेट्रोलच्या लिफाफ्यात ठरलेले लिटर गुणिले आजचा भाव एवढेच पैसे टाका. भाव वाढला तर जादा पैसे कुठून काढायचे ते पहिल्या तारखेलाच ठरवा. हॉटेलचं जेवण की ओटीटी, हे घरच्यांनी मिळून ठरवावं. वीस तारखेला ठरवायला गेलं की दुधावर किंवा फळांवर येतं, आणि ते बहुतेक घरातल्या बाईच्याच ताटातून कमी होतं.

भाजी आठवडी बाजारातून, जवळच्या खेड्यातून आलेली घ्या. उन्हाळ्यात दूरवरून ट्रकने आलेल्या फ्लॉवरपेक्षा गवार-भेंडी बरी. चैत्र-वैशाखात वाळवण घालणाऱ्यांना पावसाळ्यातली महागडी भाजी तेवढी बोचत नाही.

व्हॅनच्या फीबद्दल मात्र माझ्याकडे उपाय नाही. 2022 च्या एप्रिलमध्ये आमच्या व्हॅनकाकांनी महिन्याला दोनशे रुपये वाढवले, डिझेल वाढलं म्हणून. ठीक आहे म्हटलं. मे महिन्यात केंद्राने डिझेलवरचा कर 6 रुपयांनी उतरवला, जुलैत राज्याने आणखी 3 रुपये. मी कॅलेंडर उलटून दोन्ही तारखा काढल्या आणि फाटकाशी काकांना गाठून विचारलं, आता दोनशे कमी करणार ना?

काका हसले. म्हणाले, “ताई, टायरचे भाव बघितले का?”