फिनिशिंगच्या दगडाला नावं ठेवण्याआधी: वस्तरा पाजवताना या चुका टाळा

"एवढा महाग दगड मागवला, दोनशे फेऱ्या मारल्या, तरी वस्तरा गालावर ओढतोच. दगड खोटा लागला का?" हा प्रश्न वस्तऱ्याने दाढी करायचा नव्याने नाद लागलेला प्रत्येक जण कधी ना कधी विचारतो. मीही विचारला होता. शेवटी धार नितळ करणारा हा फिनिशिंगचा दगड बहुतेक वेळा खोटा नसतो, आपण त्याच्याकडून भलतंच काम करून घेत असतो.

सलूनमधून घडीचा खरा वस्तरा केव्हाच गेला, आता तिथे अर्धं ब्लेड अडकवायचा उस्तरा असतो. त्यामुळे धोकटीतला दगड आणि चामड्याचा पट्टा कसा चालवायचा हे शेजारी बसून शिकवणारं कुणी सहसा भेटत नाही. मग आपण व्हिडिओ बघतो, आणि व्हिडिओत नेमक्या शेवटच्या चकचकीत फेऱ्याच दाखवतात.

मी मुख्यतः कोटिक्यूल या फिनिशिंगच्या दगडाबद्दल बोलतोय, कारण माझा हात त्यावर बसलाय. बेल्जियममध्ये आर्देनच्या डोंगराळ भागात, व्हिएलसाल्मच्या आसपास मिळणारा हा पिवळट दगड. त्यात गार्नेटचे कण खच्चून भरलेले असतात, साधारण ५ ते २० मायक्रॉनचे, बारा पैलूंचे, गोलाकडे झुकणारे. अणकुचीदार नसल्यामुळे ते पोलादात खोल रुतत नाहीत, ओरखडा उथळ पडतो आणि धार गालाला मऊ लागते. पिवळा थर पातळ आणि ठिसूळ असल्यामुळे बहुतेक वेळा खाली पाटीच्या दगडाचा आधार असतो. पिवळ्या बाजूवर त्याच जातीचा लहान तुकडा पाण्यात घासला की दुधासारखं पाणी सुटतं. त्याला स्लरी म्हणतात. सहाणेवर चंदन उगाळताना बघत मोठा झालेला माणूस मी, त्यामुळे मी त्याला गंधच म्हणतो.

सगळ्यात मोठी चूक: धार तयार होण्याआधीच फिनिशिंग

पात्याच्या दोन्ही बाजूंचे उतार एका रेषेत येऊन भिडले की धार तयार होते. हे काम १००० ग्रिटच्या दगडाचं (ग्रिट म्हणजे दगडाचे कण किती बारीक, त्याचा आकडा). फिनिशिंगचा दगड भिडलेल्या रेषेला फक्त नितळ करतो. उतार भिडलेच नसतील तर तुम्ही दोन बोथट कडांना पॉलिश करत बसता. आरशासारख्या चमकतात, कापत मात्र काही नाहीत.

तपासायचं कसं? सोनाराकडे असतं तसं दहापट भिंग घ्या, पातं ट्यूबलाइटखाली धरा, धार वर करून सावकाश कलवा. धारेवर कुठेही पांढरा ठिपका किंवा रेघ चमकली, तर तिथे सपाट जागा उरली आहे. तयार धारेवरून प्रकाश परततच नाही, नुसती काळी रेषा दिसते. दुसरी चाचणी मनगटावरच्या केसांची. १००० च्या दगडावरूनच, कातडीला लागून, पात्याच्या प्रत्येक भागाने केस उतरले पाहिजेत. टोकाने उतरतात आणि मधे नाही, तर पुढच्या दगडावर जाऊ नका. इथे अर्धा तास जास्त गेला तरी चालेल. मी तर म्हणेन, ज्या दिवशी १००० वर काम झालं नाही त्या दिवशी महागडा दगड डब्यातून काढूच नये.

टोकाला गुळगुळीत, टाचेला करवत

ही माझी स्वतःची फजिती. जुन्या बाजारातून घेतलेला जर्मन वस्तरा, टोकाकडून लोण्यासारखा चालायचा आणि मुठीजवळ आला की गालावर अडायचा. तीन रविवार दगड बदलून पाहिले. शेवटी दोन्ही उतारांना परमनंट मार्करची काळी शाई फासली, दगडावर दोनच फेऱ्या घेतल्या आणि बघितलं. सगळीकडची शाई गेली होती, टाचेकडची, म्हणजे पात्याच्या मुठीकडच्या टोकाची, जेमतेम आठ मिलिमीटर जशीच्या तशी. टाचेजवळ पातं जाड होतं ना, तो खांदा दगडावर चढत होता. खुर्चीच्या एका पायाखाली खडा यावा तशी तिथली धार अधांतरी राहत होती.

उपाय साधा होता. टाच थोडी पुढे काढून पातं तिरकं धरायचं, म्हणजे खांदा दगडाच्या कडेबाहेर राहतो. मग वरून खाली येताना पातं कडेकडे सरकवत न्यायचं. धार किंचित कमानीसारखी असेल तर याच फेरीत मनगट हलकेच वळवून टाचेपासून टोकापर्यंत एकेक भाग दगडाला लावायचा. सरळ ओढाल तर फक्त मधला भाग घासला जाईल. दोन रुपयांची शाई हे सगळं एका मिनिटात सांगते, आणि तरी आपण ती लावत नाही.

पाठ उचलणं हीसुद्धा याच जातीची चूक. चाकूसारखा कोन हाताने धरायचा नसतो, वस्तऱ्याची पाठच, म्हणजे धारेसमोरची जाड कडच, कोन ठरवते. पाठ ५ मिमी जाड आणि पातं १७ मिमी रुंद असेल तर कोन जवळपास १७ अंश येतो. म्हणून पाठ आणि धार दोन्ही कायम दगडावर टेकलेली हवीत, आणि बाजू बदलताना पातं पाठीवर फिरवायचं. धारेवर फिरवलंत तर तिथेच चिमटा बसेल.

गंधाचं गणित

कोटिक्यूलवाल्यांची अर्धी रडगाणी इथली असतात. दाट गंधात दगड भराभर कापतो हे खरं, पण सुटे झालेले गार्नेटचे कण धारेवर समोरून आदळतही असतात. दगड उतार घासून धार काढतो, गंध तिचा शेंडा बोथट करतो. दोन्ही बरोबरीला आले की धार तिथेच अडकते, मग पन्नास फेऱ्या घ्या नाहीतर पाचशे.

उलट घाईसुद्धा तितकीच वाईट. नुसत्या पाण्यावर हा दगड इतका हळू चालतो की गंधावर जे काम राहिलं ते पाण्यावर कधीच भरून निघत नाही. म्हणून पातळ करणं हेच खरं कसब. दुधासारख्या गंधाने सुरुवात करा, वीसेक फेऱ्या झाल्या की बोटाने पाण्याचे दोन थेंब टाका. पुन्हा फेऱ्या, पुन्हा थेंब. ताकाचं पाणी, मग तांदळाच्या धुवणाचं पाणी, मग निवळ. दर टप्प्याला हाताचा भार कमी करत जायचं. शेवटी दगड आणि पातं नळाखाली धुवा आणि पात्याच्या वजनानेच तीसेक फेऱ्या घ्या. धारेपुढे पाणी लाटेसारखं सरकायला लागलं आणि पातं दगडाला किंचित चिकटल्यासारखं वाटलं, की जमलं.

शेवटच्या फेऱ्यांत जोर लावला, तर पातळ कड दाबून वाकते. अशी धार पहिल्या गालाला अप्रतिम लागते आणि दुसऱ्या गालाला जाईपर्यंत मोडते. तेव्हा बाटलीच्या बुचावरून धार अलगद एकदाच ओढा, सुटी कड निघून जाईल. मग पातळ गंधापासून पुन्हा सुरुवात.

हे पातळ करण्याचं गणित दुसऱ्या दगडावर जसंच्या तसं नेऊ नका. जपानमध्ये क्योटोच्या खाणींतल्या दगडांवर नागुरा नावाच्या लहान दगडाने स्लरी काढतात आणि ती लगेच धुऊन न टाकता घासून घासून मुरवतात. ते दगड थरांचे असतात, भिजत घालून ठेवले तर थर सुटू शकतात. कोटिक्यूललाही भिजवण्याची गरज नाही. अमेरिकेतला आर्कान्सास दगड म्हणजे जवळजवळ शुद्ध गारगोटी, त्यावर तेल वापरतात आणि गंधाचा प्रश्नच नाही. पण नुकताच घासून सपाट केलेला आर्कान्सास खरखरीत कापतो. आधी जुन्या चाकूच्या पोलादावर घासून तो घोटून घ्या.

दगडाच्या सपाटीबद्दल एवढंच: पेन्सिलीने जाळी काढा, जाड काचेवर वॉटर पेपर अंथरून पाण्यात घासा, जाळी पुसली गेली की झालं. कडाही थोड्या गोल करा. कडप्प्याचा ओटा सपाट असतो असं समजू नका, मी समजलो होतो.

पट्ट्यावर घालवलेली धार

दगडावरचं दोन तासांचं काम चामड्यावर एका सेकंदात जातं. पट्टा सैल धरला की तो धारेभोवती वळतो आणि तिला गोल करतो. ताणून धरा, पाठ पुढे आणि धार मागे ठेवून ओढा, सावकाश ४०-५० फेऱ्या. वेग सिनेमातल्या न्हाव्यासाठी ठेवा.

वापरून झाल्यावर मुठीच्या खिळ्याजवळचं पाणी नीट टिपा. पावसाळ्यात धारेवरचे गंजाचे ठिपके लोकांना दगडाचेच ओरखडे वाटतात. खोबरेल तेल चिकट होतं आणि थंडीत गोठतं, त्यापेक्षा शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बरा. आणि महिन्या-दीड महिन्याने वस्तरा पुन्हा ओढायला लागला तर १००० चा दगड काढू नका. निवळ पाण्यावर वीस फेऱ्या, मग पट्टा, मग गाल. त्याने भागलं नाही तरच पातळ गंध.