रानफुलं बियांपासून कशी वाढवावीत

झेंडूचं बी मातीत टाकलं की पाच-सात दिवसांत वर येतं, कारण पटकन उगवणारं बीच माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवडून जपलं. रानफुलांच्या बियांची अशी निवड कुणी केलेली नाही. सगळं बी एकाच वेळी उगवलं आणि लगेच पावसाने दडी मारली, तर त्या झाडाचा तिथला वंशच संपेल. म्हणून काही बी यंदा उगवतं, काही पुढच्या वर्षी, काही त्याहून उशिरा. विल्यम जेम्स बील या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाने १८७९ मध्ये वाळूत मिसळलेल्या बियांच्या २० बाटल्या मिशिगनमध्ये पुरून ठेवल्या. त्यांतली एक बाटली २०२१ मध्ये उकरली, तेव्हा १४२ वर्षांनी व्हर्बॅस्कम या रानफुलाचं बी उगवून आलं! त्यामुळे महिनाभर काही दिसलं नाही म्हणून कुंडी उपडी करू नका.

कोणती फुलं निवडायची

आपल्या परिसरात भटकंती करा आणि कोणतं फूल कुठे येतं ते वहीत टिपून ठेवा: उतारावर की सखल भागात, उन्हात की झाडाखाली, मुरमाड जमिनीत की पाणी साचतं तिथे. घरच्या बागेत त्या झाडाला तेच द्यायचं आहे.

रस्त्याकडेला आपोआप उगवतं म्हणजे ते देशीच, असं मात्र समजू नका. घाणेरी जगभर रानोमाळ पसरली, पण ती मूळची अमेरिका खंडातली. ‘रानफुलांचं मिश्रण’ म्हणून मिळणाऱ्या पाकिटांवरची नावंही एकेक करून तपासा. त्यांत अनेकदा कॉसमॉस आणि झिनिया असतात, आणि दोन्ही मूळची मेक्सिकोकडची. नावं छापलेलीच नसतील तर ते पाकीट घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. देशी फुलं लावण्यामागचं मोठं कारण कीटक आहेत. अनेक फुलपाखरांच्या अळ्या ठरावीक झाडांवरच जगतात. मोनार्क फुलपाखराची अळी मिल्कवीडच्या, म्हणजे रुईच्या, कुळाखेरीज दुसऱ्या कशावर वाढत नाही.

सुरुवात तीन-चार सोप्या, एका वर्षात फुलणाऱ्या जातींनी करा. रानातल्या आमरींच्या, म्हणजे ऑर्किडच्या, वाटेला जाऊ नका. त्यांचं बी धुळीसारखं असतं, त्यात अन्नाचा साठा नसतो आणि ठरावीक बुरशीची साथ मिळाल्याशिवाय ते रानात रुजत नाही.

बी गोळा करताना

संरक्षित जंगलातून आणि दुर्मीळ झाडांवरून बी घेऊ नये. इतरत्रही जमिनीच्या मालकाला विचारून, एका ठिकाणच्या बियांपैकी दहावा हिस्सा पुरे. तोही एकाच झाडावरून नको, दहा-बारा झाडांवरून थोडा थोडा घ्या, म्हणजे रोपांत विविधता राहते. बोंड किंवा शेंग तपकिरी होऊन वाळू लागली की बी तयार झालं. तेरड्याचं पिकलेलं बोंड हात लागताच फुटतं आणि बी चहूकडे उडतं, म्हणून बोंडं फुगली की त्यांवर पातळ कापडाची पुरचुंडी सैलसर बांधून ठेवा. बी सावलीत वाळवून कागदी पाकिटात भरा; प्लॅस्टिकमध्ये ओल कोंडून बुरशी धरते. पाकिटावर नाव, जागा आणि तारीख लिहा.

बी जागं करणं

इथे सगळ्यात जास्त लक्ष द्यावं लागतं. बी का उगवत नाही, याची कारणं जातीनुसार वेगळी असतात.

काहींचं कवच इतकं कठीण असतं की पाणी आत शिरतच नाही. शेंगा धरणाऱ्या, भेंडीच्या आणि गारवेलीच्या कुळात हे बरंच आढळतं. असं बी पॉलिश पेपरवर हलकेच घासा. जिथून ते शेंगेला चिकटलेलं असतं तो डोळा सोडून दुसऱ्या बाजूने घासायचं, आणि आतला पांढुरका भाग दिसू लागला की थांबायचं. मग रात्रभर कोमट पाण्यात ठेवा. सकाळी फुगलेलं बी लगेच पेरा. जे फुगलं नाही ते पुन्हा घासा.

थंड प्रदेशातल्या अनेक फुलांना हिवाळा सोसल्याशिवाय जाग येत नाही. मिल्कवीडच्या बऱ्याच जाती त्यांतल्याच. असं बी ओलसर वाळूत मिसळून फ्रीजमध्ये चार ते बारा आठवडे ठेवतात. तापमान १ ते ५ अंश सेल्सिअस असावं. फ्रीझरचा कप्पा नको. वाळू मुठीत दाबली तर पाणी टपकता कामा नये. हिवाळ्याआधी बी थेट वाफ्यात टाकलं तर हे काम थंडीच करून टाकते. उष्ण प्रदेशातल्या फुलांना या थंडीची गरज सहसा नसते. उलट त्यांतल्या काहींना काही महिने कोरडी विश्रांती लागते.

बारीक बियांना बहुधा उजेड हवा असतो. ती मातीत पुरली की संपलं.

गोंधळ झाला तर एकच प्रश्न विचारा: रानात हे बी कधी गळतं आणि कधी उगवतं? मधल्या काळात त्याच्यावर जे गुदरतं, तेच आपण घडवून आणायचं.

वाफा आणि पेरणी

खत घालू नका. सुपीक मातीत गवत आणि तण जोमाने वाढतात आणि रानफुलांना दडपून टाकतात. जागा साफ करून पाणी द्या, तण उगवू द्या आणि खुरप्याने वरच्या वर काढा. हे दोनदा करा. खोल खणलं तर खाली झोपलेलं तणाचं बी वर येतं.

बी पाचपट कोरड्या वाळूत मिसळा. अर्धं उभं आणि अर्धं आडवं फेका, म्हणजे सगळीकडे सारखं पडेल. मग फळी ठेवून वर उभे राहा, बी मातीला घट्ट टेकलं पाहिजे. मोठं बी त्याच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल जाऊ द्या. बारीक बियांवर काहीच घालायचं नाही. आणि निम्मं बी पाकिटात राखून ठेवा, पहिली पेरणी फसली तर उपयोगी पडतं.

उगवल्यावर

पहिले तीन-चार आठवडे बारीक छिद्रांच्या झारीने माती ओलसर ठेवा. चिखल झाला तर कोवळी रोपं बुडाशी कुजून आडवी पडतात.

आता खरी अडचण येते ती तण कोणतं आणि फूल कोणतं हे ओळखण्याची. पहिली दोन पानं बहुतेकांची सारखीच दिसतात. मी एका वर्षी तेरड्याची जवळजवळ सगळी रोपं तण समजून उपटली होती, त्याची हळहळ अजून वाटते. तेव्हापासून प्रत्येक जातीचं थोडं बी वेगळ्या कुंडीत, तण नसलेल्या स्वच्छ मातीत, नावाची पट्टी लावून पेरते. वाफ्यातलं रोप त्या कुंडीतल्या रोपाशी ताडून पाहिल्याशिवाय हात लावत नाही.

बहुवर्षायू जाती पहिल्या वर्षी फक्त मुळं आणि पानं धरतात, फूल दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी येतं. तोवर त्यांच्यामधल्या जागेत वर्षायू जाती पेरत राहा.

फुलं सुकली की लगेच कापू नका. बी तिथेच गळू द्या. नंतर वाळलेले देठ जमिनीपासून वीतभर-दोन वीत उंचीवर कापा, कारण एकेकट्या राहणाऱ्या काही मधमाश्या पुढच्या हंगामात याच देठांत घर करतात.