ब्रेझा की नेक्सॉन? आल्तिनोच्या चढावर ठरवा

मारुतीची ब्रेझा आणि टाटाची नेक्सॉन, दोन्ही गाड्यांची लांबी ३,९९५ मिमी. रुंदीत फरक चौदा मिमीचा, व्हीलबेसमध्ये, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधल्या अंतरात, फक्त दोनचा. त्यामुळे माहितीपत्रकं शेजारी ठेवून बसलं तर महिना जातो आणि शेवटी सनरूफ बघून गाडी ठरते. खरा फरक बॉनेटखाली आहे. सपाट रस्त्यावर तो कळत नाही.

ब्रेझात १,४६२ सीसीचं, टर्बो (इंजिनात जादा हवा कोंबणारा पंखा) नसलेलं पेट्रोल इंजिन आहे. टॉर्क, म्हणजे ओढायची ताकद, सुमारे १३७ एनएम, पण पुरा मिळतो तो ४,४०० आरपीएमला (इंजिनाच्या मिनिटाला इतक्या फेऱ्या). नेक्सॉनचं १,१९९ सीसीचं टर्बो पेट्रोल इंजिन १७० एनएम देतं आणि तेही १,७५० पासून. आता हे आकडे चोर्ला घाटात लावून बघा. ट्रकच्या मागे तिसऱ्या गिअरवर ताशी चाळीसने चाललाय आणि पुढे मोकळा तुकडा दिसला. नेक्सॉन त्याच गिअरवर ओढते. ब्रेझाला दुसरा टाकावा लागतो, इंजिन ओरडतं, मग गाडी निघते. पणजीजवळच्या पर्वरीच्या कोंडीत मात्र चित्र उलटं. कमी आरपीएमला टर्बो झोपलेला असतो, त्यामुळे रांगता रांगता नेक्सॉन आधी मरगळते आणि मग एकदम झेपावते. ब्रेझा तिथे निमूट चालते.

शोरूमवाले हमरस्त्यावर एक चक्कर मारून आणतात, ती विसरा. पणजीत आल्तिनोचा चढ आहे, तिथे न्या. चार माणसं बसवा, एसी चालू ठेवा, चढावर मध्येच थांबून पुन्हा निघा. असं तीनदा करा. क्लच किती दाबून ठेवावा लागतो, इंजिन बंद पडतं का, गाडी मागे सरकते का, एवढंच बघा. दोन्ही गाड्या एकाच दिवशी, एकाच चढावर चालवा. आठवड्याने चालवलेल्या दुसऱ्या गाडीशी तुलना होत नाही.

ऑटोमॅटिक घेणार असाल तर गिअरबॉक्सचं नाव विचारून घ्या, नुसतं ‘ऑटोमॅटिक’ ऐकून मान हलवू नका. ब्रेझात सहा गिअरचा टॉर्क कन्व्हर्टर आहे, म्हणजे क्लचऐवजी तेलातून ताकद पोचवणारा. नेक्सॉनमध्ये एएमटी (मॅन्युअल गिअरबॉक्सच, फक्त क्लच आणि गिअर यंत्र बदलतं) आणि सात गिअरचा दुहेरी क्लच, असे दोन प्रकार आहेत. एएमटीत आत साधाच क्लच असतो. चढावर ब्रेकऐवजी अॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरली की तो घासतो, जळका वास येतो. रोज शहरात फिरणाऱ्याने ऑटोमॅटिक घ्यायची तर आमचं मत ब्रेझाला.

डिझेल फक्त नेक्सॉनमध्ये: १,४९७ सीसी, २६० एनएम. दर आठवड्याला भरल्या गाडीने बेळगाव करणाऱ्याला यासारखी दुसरी नाही. पण रोजची धाव म्हापसा ते पणजी एवढीच असेल तर डिझेलच्या वाटेला जाऊ नका. छोट्या फेऱ्यांत धुराच्या नळीतला डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारी गाळणी, पुरेसा तापत नाही, काजळी साचते आणि डॅशबोर्डवर दिवा लागतो.

ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे तळ आणि जमिनीतलं अंतर, ब्रेझाचा १९८ आणि नेक्सॉनचा २०८ मिमी. दहा मिमीवरून वाद घालण्यात अर्थ नाही. चोडण किंवा दिवाडी बेटावर राहणाऱ्यांनी मात्र ओहोटीच्या वेळी फेरीबोटीवर चढवून बघावी. रॅम्प तिरपा झाला की तळाआधी पुढच्या बंपरचा ओठ घासतो.

डिकी ब्रेझाची ३२८ लिटर, नेक्सॉनची ३८२. चवथीला गणपतीवर बांधायच्या माटोळीचं सामान, नारळ आणि चार जणांच्या बॅगा घेऊन गावच्या घरी जायचं असेल तर हा फरक जाणवतो. घरच्या दोन बॅगा शोरूममध्ये नेऊन ठेवून बघा. लाजण्यासारखं काही नाही.

सुरक्षेबद्दल: नेक्सॉनला ग्लोबल एनकॅपचे (गाड्या आदळवून तपासणारी संस्था) पाच तारे २०१८ मध्ये मिळाले, सुधारित गाडीला २०२४ मध्ये पुन्हा. ब्रेझाचे चार तारे २०१८ चे, म्हणजे आधीच्या पिढीतल्या गाडीचे. आजच्या ब्रेझाला ते लावू नका.

किमतीची जुनी तुलना फेकून द्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १,२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १,५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांवर जीएसटी १८ टक्के आहे. नेक्सॉन त्यात बसते. ब्रेझाचं इंजिन मोठं, म्हणून ती ४० टक्क्यांत. कोटेशनमध्ये विमा, रोड टॅक्स आणि अॅक्सेसरीज वेगवेगळ्या लिहून मागा. तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा सक्तीचा आहे, पण तो शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. दहा लाखांवरच्या गाडीवर एक टक्का टीसीएस, म्हणजे विक्रेत्याने आधीच घेतलेला आयकर, लागतो. तो रिटर्न भरताना वळता करून घेता येतो.

किनाऱ्याजवळ राहत असाल तर गंजाचा विचार आधी करा. तळाला कोटिंग करून घेताना दरवाजांच्या खालच्या कडेची पाणी निचरायची भोकं बुजवू देऊ नका. ती बुजली की पावसाचं पाणी आत राहतं आणि पत्रा आतून कुजतो. पावसाळ्यात चाकांच्या कमानीतला तांबडा चिखल दर पंधरा दिवसांनी पाण्याच्या फवाऱ्याने काढा.

नोंदणीच्या आधी गाडी दिवसाउजेडी तपासा. टायरवर तो कधी बनला याचे चार आकडे असतात. ३२२५ म्हणजे २०२५ चा बत्तिसावा आठवडा. पाचही टायर बघा, स्टेपनीसुद्धा.