कॉटेज गार्डन लावताना या चुका टाळा

इंग्लिश कॉटेज गार्डन, म्हणजे खेड्यातल्या घराभोवतीची फुलांनी गच्च भरलेली बाग, बघताना फुलं आपापली उगवल्यासारखी वाटतात. त्यामुळे अनेक जण आवडलेलं प्रत्येक रोप एकेकच आणतात आणि जागा दिसेल तिथे लावतात. दुसऱ्या वर्षी वाफ्यात नुसता गुंता होतो. या बागेत झाडं मनमोकळी वाढतात, पण आखणी पक्कीच लागते. आधी वाट आखा, १.२ मीटर रुंद. कॅटमिंटसारखी झाडं दोन्ही कडांनी वाटेवर झुकतात, त्यामुळे ९० सेंटिमीटरची वाट भर उन्हाळ्यात निम्मीच उरते. वाफा वाटेपासून आत दीड ते दोन मीटर रुंद हवा. त्याहून रुंद केलात तर आत पाय ठेवायला फरश्या टाका. एका जातीची तीन किंवा पाच रोपं एकत्र लावा आणि तोच पुंजका पुढे पुन्हा येऊ द्या. फॉक्सग्लोव्हसारखी उंच सडपातळ झाडं मात्र एकेकटी, इकडेतिकडे उगवलेलीच खुलतात.

सगळ्यात जास्त तक्रार असते ती झाडं आडवी होण्याची. जास्त नत्र मिळालं की देठ लांब, मऊ होतात आणि पहिल्या जोरदार पावसात डेल्फिनियम मोडतं. आधार देण्यातही उशीर होतो. झाड ३० सेंटिमीटरचं असतानाच भोवती फांद्या किंवा काठ्या रोवा, म्हणजे पानं वाढून त्या झाकल्या जातात. पडल्यावर बांधलेलं झाड मोळीसारखंच दिसतं. फ्लॉक्स, हेलेनियम, सेडम यांचे शेंडे इंग्लंडमध्ये मे अखेरीस एक तृतीयांश खुडतात. फूल थोडं उशिरा येतं, पण झाड बुटकं आणि भरगच्च होतं. डेल्फिनियम किंवा ल्युपिनला हा उपाय करू नका, त्यांचा तुराच जाईल.

फॉक्सग्लोव्ह ‘गायब झालं’ असं वाटतं, कारण ते बहुधा द्विवार्षिक असतं: पहिल्या वर्षी पानं, दुसऱ्या वर्षी फुलं, मग संपलं. लागोपाठ दोन वर्षं रोपं लावा, म्हणजे दरवर्षी फुलं मिळतील. एकदोन तुरे बी धरायला राखा. हे बारीक बी उजेडातच रुजतं, त्यामुळे जाड आच्छादनाखाली काहीच उगवत नाही. वसंतात खुरपण्याआधी लवदार पानांची छोटी रोपं ओळखायला शिका, नाहीतर तण समजून तीच उपटली जातात. हे झाड सर्वांगी विषारी आहे. फुलं नसताना पानं कॉम्फ्रीसारखी (काही जण जिच्या पानांचा चहा करतात ती वनस्पती) दिसतात, म्हणून खाण्याच्या पाल्याजवळ लावूच नका.

हॉलिहॉकच्या पानांखाली नारिंगी-तपकिरी फोड दिसले तर तो तांबेरा. ती पानं लगेच काढा, कंपोस्टमध्ये टाकू नका, आणि जुनी झाडं न जपता दर दोन वर्षांनी नवी लावा. फ्लॉक्सवर भुरी येते ती मुळं कोरडी आणि हवा कोंडलेली असली की. दोन रोपांत ४५ ते ६० सेंटिमीटर सोडा, पाणी बुंध्याशी द्या. लव्हेंडर चिकण मातीत हिवाळ्याच्या ओलीने कुजतं. त्याची छाटणी हिरव्या भागापुरतीच करा, जून लाकडाला सहसा फुटवा येत नाही.

इंग्लंडमध्ये जून महिन्यात सगळं एकदम फुलतं आणि जुलैत बाग ओकी पडते. वाफ्याची एक तृतीयांश जागा ॲस्टर, जपानी ॲनिमोनी, डेलिया यांना ठेवा. बहुवर्षायू जिरेनियमचा पहिला बहर ओसरला की ते जमिनीलगत कापून भरपूर पाणी द्या; काही आठवड्यांत ताजी पानं येतात, काही जातींना फुलंही.